कर्मचारी प्रशिक्षण व्यवस्थापक : अर्जलेखन आणि मुलाखतीची पूर्वतयारी

व्यावहारिक मराठीच्या मागील घटकात आपण नोकरीच्या अर्जाचा सर्वसाधारण आराखडा पाहिला. या घटकात एका विशिष्ट पदाचा विचार करू. हे पद निवडण्यामागे कारण आहे. दूरशिक्षणाने पदवी घेणारे अनेक विद्यार्थी आधीच नोकरीत असतात. त्यांच्यापैकी कितीतरी जण आपल्या विभागात नव्या माणसाला काम शिकवण्याची जबाबदारी वर्षानुवर्षे पार पाडतात. मात्र हुद्द्याच्या रकान्यात ‘ऑपरेटर’, ‘लिपिक’ किंवा ‘पर्यवेक्षक’ एवढेच लिहिलेले असते. प्रशिक्षण विभागात जागा निघते तेव्हा ती बाहेरून आलेल्या उमेदवाराला मिळते. याचे एक कारण पदविकांचे आहे. दुसरे कारण भाषेचे आहे, आणि ते आपल्या अभ्यासविषयाच्या कक्षेत येते.

प्रथम हे काम कोठे असते ते पाहू. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत वाहने, चॉकलेट, दुग्धजन्य पदार्थ आणि कापड अशी एकमेकांशी संबंध नसलेली उत्पादने शेजारी शेजारी होतात. पियाजिओ आणि फेररो या मूळच्या इटालियन कंपन्यांचे कारखाने तेथे आहेत. इंदापूर तालुक्यात लोणी देवकरची वसाहत आहे, तसेच शेठ वालचंद हिराचंद यांच्या नावाने ओळखले जाणारे वालचंदनगर आहे. साखरेपासून सुरुवात करून तेथील उद्योग पुढे साखर कारखान्यांची यंत्रे आणि त्यानंतर अणुऊर्जा व अवकाश कार्यक्रमांसाठी लागणारे भाग घडवू लागला. याशिवाय माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी येथील सहकारी साखर कारखाने आहेत. नाव एकच असले तरी या प्रत्येक ठिकाणी प्रशिक्षण व्यवस्थापकाचे काम निराळे असते. खाद्यपदार्थांच्या कारखान्यात स्वच्छतेचे नियम पाळीगणिक पुन्हा पुन्हा शिकवावे लागतात. साखर कारखान्यात गव्हाणीत मोळी पडली की हंगाम संपेपर्यंत कोणालाही वर्गात बसवता येत नाही. त्यामुळे प्रशिक्षणाचे वेळापत्रक बंद हंगामात, यंत्रांची उघडझाप चालू असताना बसवावे लागते. ‘वर्षभराचा प्रशिक्षण आराखडा कसा कराल?’ या प्रश्नाला जो उमेदवार बारा महिन्यांचे सारखे बारा भाग करून दाखवतो, त्याने साखर कारखाना पाहिलेला नाही, हे समोरच्या मंडळींच्या तत्काळ लक्षात येते.

म्हणून अर्ज करण्यापूर्वी जाहिरात दोनदा वाचावी. पहिल्या वाचनात पात्रता पाहावी. पदव्युत्तर पदविका किंवा एमबीए ‘आवश्यक’ म्हटले आहे की ‘प्राधान्य’ म्हटले आहे, हा फरक महत्त्वाचा आहे. आवश्यक असलेली पात्रता नसताना शब्दांची सारवासारव करू नये. त्याऐवजी प्रशिक्षण अधिकारी किंवा सहायक या खालच्या पदाचा विचार करावा, अथवा स्वतःच्याच कारखान्यात अंतर्गत बढतीसाठी अर्ज द्यावा. दुसऱ्या वाचनात क्रियापदे पाहावीत. जाहिरातीत ‘आयोजन करणे’, ‘नोंदी ठेवणे’, ‘गरजा ओळखणे’, ‘मूल्यमापन करणे’ अशी क्रियापदे असतात. त्यांतील प्रत्येकाच्या समोर आपल्या अनुभवातील एक प्रसंग लिहून काढता आला, तर अर्जाचा कच्चा खर्डा तयार झाला असे समजावे.

आता अर्जाच्या भाषेकडे वळू. झेरॉक्सच्या दुकानात टंकून घेतलेल्या बायोडेटांमध्ये एक वाक्य हमखास आढळते : ‘नवीन कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देण्यात आले.’ व्याकरणाच्या घटकात नवीन कर्मणी (कर्मकर्तरी) प्रयोगाचा परिचय तुम्हाला झाला आहे. शासकीय परिपत्रकात तो शोभतो, कारण तेथे आदेश कोणी काढला यापेक्षा आदेश निघाला हे महत्त्वाचे असते. अर्जात मात्र तो घातक ठरतो, कारण ज्याची निवड करायची तो कर्ताच वाक्यातून नाहीसा होतो. याउलट ‘मी नमुना घेण्याची पद्धत शिकवली’ हे वाक्य पाहा. परंपरागत व्याकरणाच्या दृष्टीने हाही कर्मणी प्रयोगच आहे, क्रियापद कर्माप्रमाणेच चालते. परंतु येथे कर्ता प्रधान आहे, आपल्या जागी उभा आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, इंदापूर तालुक्यातील एका डेअरीत नऊ वर्षे गुणवत्ता तपासणीचे काम करणारी विद्यार्थिनी अर्ज करीत आहे. तिच्या पहिल्या खर्ड्यात लिहिले होते : ‘संकलन केंद्रांवरील कर्मचाऱ्यांना नमुना घेण्याबाबत प्रशिक्षण देण्यात आले.’ सुधारलेला मजकूर असा होईल : ‘साठलेले दूध नीट न ढवळता वरच्यावर नमुना घेतल्यामुळे केंद्रावरील आणि डेअरीतील फॅटच्या आकड्यांत फरक येत असे. मी ७ केंद्रांवर जाऊन १४ जणांना नमुना घेण्याची पद्धत सांगितली व दाखवली, प्रत्येकाकडून ती करून घेतली आणि पंधरा दिवसांनी पुन्हा जाऊन तपासली.’ मजकूर लांबला हे खरे. परंतु यात अडचण आहे, तिचे कारण आहे, कृती आहे आणि पाठपुरावाही आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील कारखान्यांत नवख्या कामगारांना झटपट तयार करण्यासाठी जी शिक्षणपद्धती रूढ झाली, तिच्याही चारच पायऱ्या होत्या : शिकणाऱ्याची तयारी करणे, काम समजावून दाखवणे, त्याच्याकडून करून घेणे, नंतर लक्ष ठेवणे. आपल्या विद्यार्थिनीने यांतील बरेचसे पुस्तक न वाचताच केले होते. तिने फक्त ते लिहिले नव्हते.

मुलाखतीत याच दोषाचे दुसरे रूप दिसते. आपल्याकडे ‘मी केले’ म्हणणे उद्धटपणाचे वाटते, म्हणून उमेदवार सगळीकडे ‘आम्ही’ म्हणतो. विनय चांगलाच, पण ‘तुम्ही स्वतः काय केलेत?’ हा प्रश्न विचारावा लागला की उमेदवार गडबडतो. सामूहिक कामाचे श्रेय ‘आम्ही’ला आणि स्वतःच्या निर्णयाचे ‘मी’ला, अशी वाटणी आधीच करून ठेवावी. मराठीत आणखी एक सोय आहे, जी इंग्रजीत किंवा हिंदीत नाही. ‘आम्ही’मधून ऐकणारा वगळला जातो, ‘आपण’मध्ये तो सामावला जातो. प्रशिक्षणवर्गात ‘आम्ही तुम्हाला सुरक्षा शिकवणार आहोत’ आणि ‘आपण ही झडप आधी बंद करायची’ या दोन वाक्यांतील अंतर वीस वर्षे यंत्रावर उभ्या असलेल्या कामगाराला अचूक जाणवते. आपल्या भागात तर समोर बसलेला प्रशिक्षणार्थी नात्याने चुलता किंवा गावकीतला वडीलधारा असू शकतो. ‘तो ऐकत नसेल तर काय कराल?’ हा प्रश्न सहकारी कारखान्यांत विचारला जाणे अगदी स्वाभाविक आहे. ‘शिस्तभंगाची कारवाई करीन’ हे त्याचे दुबळे उत्तर. त्याच्याच अनुभवाचा धडा करून त्यालाच नव्या मुलांसमोर उभे करीन, असे जो सांगतो आणि एखादे खरे उदाहरण देतो, त्याचे ऐकून घेतले जाते.

मुलाखतीत बहुधा अडवणारे दोन प्रश्न आहेत. पहिला : प्रशिक्षणाचा उपयोग झाला हे कसे ओळखाल? डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकी अभ्यासकाने १९५९ साली मांडलेले चार स्तर आजही वापरात आहेत : शिकणाऱ्याची प्रतिक्रिया, त्याने काय आत्मसात केले, कामावरील वर्तन बदलले का आणि अखेर कारखान्याला काय फळ मिळाले. पहिल्या स्तरासाठी अभिप्रायपत्रक भरून घेतले की काम झाले असे मानणारे बरेच असतात. तिसऱ्या स्तरासाठी पाळीत जाऊन उभे राहावे लागते. दुसरा प्रश्न याहून अवघड : प्रत्येक चुकीवर प्रशिक्षण हाच उपाय आहे का? हातमोजे न घालणाऱ्या कामगाराला हातमोज्यांचे महत्त्व ठाऊक असते. मिळालेले मोजे मोठे असल्याने त्याला नटबोल्ट धरता येत नाहीत. येथे वर्ग भरवणे म्हणजे वेळेचा अपव्यय होय. ‘नाही’ म्हणण्याची तयारी असलेला उमेदवार मला अधिक भरवशाचा वाटतो.

कायद्याची जुजबी माहितीही हवी. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या अधिनियमाने जाणीवजागृतीचे कार्यक्रम घेणे मालकावर बंधनकारक केले आहे. कारखाने अधिनियम, १९४८ च्या १०८ व्या कलमानुसार कारखान्यातील वैधानिक सूचना इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावणे आवश्यक होते. हा अधिनियम आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये समाविष्ट झाला आहे. तेव्हा कलमांचे क्रमांक सांगण्यापूर्वी सध्याची स्थिती पाहून जावे. मराठीच्या पदवीधराने येथे संकोचू नये. इंग्रजी कार्यपद्धती सोप्या मराठीत, गरज पडल्यास परप्रांतीय कामगारांसाठी हिंदीत उतरवणे, हे कारखान्यात रोज लागणारे काम आहे, आणि ते नीट करणारी माणसे थोडी आहेत.

काही ठिकाणी दहा मिनिटांचे प्रात्यक्षिक घ्यायला सांगतात. विषय लहान निवडावा. ‘नेतृत्वगुण’ नको, ‘पाळी बदलताना पुढच्या माणसाला कोणती माहिती द्यावी’ हा चालेल. तक्ता एक पुरे. मुलाखत घेणाऱ्यांपैकी एखाद्याला उठवून कृती करायला लावण्यास भिऊ नये.

सरावासाठी : (१) गेल्या वर्षभरात तुम्ही कोणाला कोणते काम शिकवले, ते पाच वाक्यांत लिहा, ‘-ण्यात आले’ हे रूप एकदाही वापरू नका. (२) तुमच्या कामाच्या ठिकाणी लावलेली एक इंग्रजी सूचना मराठीत लिहा, ती एका सहकाऱ्याला वाचायला द्या आणि तो काय करतो ते न बोलता पाहा. (३) त्याने चुकीची कृती केल्यास सूचनेतील कोणता शब्द बदलावा लागेल, ते कारणासह नोंदवा.