वाचवणाऱ्यानेच हात वर केले तर?

(लेखमाला : कारखाना, कर्ज आणि कायदा – भाग 11)

आज दिवाळखोरी संहितेचं कलम 29अ घ्यायचं ठरलं होतं. कंपनी बुडवणाऱ्या मालकाने मागच्या दाराने येऊन तीच कंपनी स्वस्तात पदरात पाडून घेऊ नये, म्हणून घातलेली ती कडी. तिला एक आठवडा थांबावं लागेल. मागच्या भागावर हिंगणघाटहून एका वाचकाचं पत्र आलं आहे, आणि त्यातला प्रश्न माझ्या इतक्या आवडीचा निघाला की तो बाजूला ठेवून पुढे जाणं मला जमणार नाही.

या गृहस्थांचे ट्रक आहेत. एका कारखान्याकडे त्यांचं भाडं अडकलं. कारखाना राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणात गेला, यांनी मुदतीत दावा लावला, खरेदीदार मिळाला, योजना मंजूर झाली. गेटवर पेढेही वाटले गेले म्हणे. त्यानंतर खरेदीदार जो गायब झाला तो झालाच. पहिला हप्तासुद्धा आला नाही. पत्रात शेवटी विचारलंय, ‘योजना मंजूर आहे म्हणून आम्ही गप्प बसायचं, की कंपनी गुंडाळा म्हणून आम्हालाही सांगता येतं?’

सांगता येतं. दिवाळखोरी संहितेच्या कलम 33 च्या तिसऱ्या पोटकलमात ती सोय आहे. मंजूर योजनेचा भंग झाला आणि त्यात ज्याचं नुकसान झालं, अशी कंपनी सोडून कोणतीही व्यक्ती न्यायाधिकरणाकडे अवसायनाचा, म्हणजे कंपनी गुंडाळण्याचा, आदेश मागू शकते. अर्जदार बँकच असली पाहिजे, अमुक कोटींचं येणं असलं पाहिजे, अशी अट नाही. ट्रकवाला चालतो, कामगार चालतो. भंग झाल्याची न्यायाधिकरणाची खात्री पटली की पुढचं पोटकलम अवसायनाचा आदेश द्यायला सांगतं.

पण हा अर्ज करावा का, हा वेगळा प्रश्न आहे. त्याकडे येण्याआधी दोन गोष्टी सांगायला हव्यात.

पहिली आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या भूगावची. लॉइड्सचा पोलाद कारखाना पुढे उत्तम समूहाकडे गेला, आणि 2018 च्या जून-जुलैत उत्तम व्हॅल्यू स्टील्स व उत्तम गाल्वा मेटॅलिक्स या दोन्ही कंपन्या मुंबईच्या न्यायाधिकरणात दाखल झाल्या. कायद्यातली मूळ मुदत 180 दिवसांची, वाढवून 270. योजना मंजूर व्हायला 2020 चा मे उजाडला, तोही ऐन टाळेबंदीत. निथिया कॅपिटल आणि कारव्हॅल या जोडीने कारखाना घेतला आणि आज पाटीवर इव्होनिथ हे नाव आहे. उशीर झाला, पण घेणारा उभा राहिला. जिल्ह्यातल्या लोकांनी ‘योजना मंजूर’ हे शब्द पहिल्यांदा ऐकले ते याच प्रकरणात. त्यामुळे मंजुरी म्हणजे कारखाना वाचला, असं समीकरण अनेकांच्या डोक्यात पक्कं बसलं. आमच्या पत्रलेखकाच्याही.

दुसरी गोष्ट जेट एअरवेजची. 17 एप्रिल 2019 ला विमानं जमिनीवर आली. जूनमध्ये प्रकरण मुंबईच्या न्यायाधिकरणात दाखल झालं. 22 जून 2021 ला जालान-कालरॉक गटाची योजना मंजूर झाली, 4,783 कोटींची. त्यातला पहिला हप्ता होता 350 कोटींचा. गटाने भरले 200 कोटी. उरलेले 150 कोटी? ते आमच्या बँक हमीतून वळते करून घ्या, असं त्यांचं म्हणणं. आता ही हमी कशासाठी असते ते पाहा. खरेदीदाराने शब्द पाळला नाही तर जप्त करायला ठेवलेली ती रक्कम. तीच हप्ता म्हणून मोजायची, तर शब्द मोडल्यावर जप्त काय करायचं? तरीही अपिलीय न्यायाधिकरणाने मार्च 2024 मध्ये हा हिशेब मान्य केला. स्टेट बँक सर्वोच्च न्यायालयात गेली. 7 नोव्हेंबर 2024 ला तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड, न्या. पारडीवाला आणि न्या. मिश्रा यांच्या पीठाने तो आदेश रद्द केला आणि घटनेच्या अनुच्छेद 142 मधला आपला विशेष अधिकार वापरून थेट अवसायनाचा आदेश दिला. 200 कोटी जप्त झाले, आणि 150 कोटींची हमी वटवायला बँका मोकळ्या झाल्या.

विमानं थांबली त्या दिवसापासून या आदेशापर्यंत साडेपाच वर्षं गेली. मधल्या काळात, मे 2022 मध्ये, उड्डाणाचा परवानासुद्धा पुन्हा मिळाला होता. प्रवासी घेऊन विमान काही उडालं नाही. योजना कागदावर जिवंत होती आणि तिच्या आडोशाने कंपनीची किंमत रोज झिजत होती. या सगळ्या खटल्यातून मी एकच गोष्ट उचलतो. फसलेली योजना लवकर फसली म्हणून जाहीर होणं, हे घेणेकऱ्यांच्या हिताचं असतं.

हे शहाणपण आपल्याला नवं नाही, फक्त ते पाळायची सवय नाही. जुन्या 1956 च्या कंपनी कायद्यातही, उच्च न्यायालयाने मंजूर केलेली तडजोड नीट चालत नाही असं दिसलं, तर कंपनी गुंडाळण्याचा आदेश न्यायालय स्वतःहून देऊ शकत होतं. ते कलम 392. आजच्या 2013 च्या कायद्यात त्याची जागा कलम 231 ने घेतली आहे. पण प्रत्यक्षात काय चाललं? 1985 च्या आजारी कंपन्यांच्या कायद्याखाली बीआयएफआर हे मंडळ आलं. प्रकरण तिथे गेलं की कलम 22 ची ढाल मिळायची. मंडळाच्या परवानगीशिवाय वसुली नाही, जप्ती नाही. योजना फसली की सुधारित योजना, ती फसली की पुन्हा सुधारित. शेवटी मंडळाने हात टेकले की ‘कंपनी गुंडाळावी’ असं मत उच्च न्यायालयाला कळवायचं आणि तिथून दुसरा फेरा सुरू व्हायचा. 1 डिसेंबर 2016 ला हे मंडळ बंद झालं, तोवर कैक कारखान्यांत छपराचे पत्रेही उरले नव्हते.

हिंगणघाटकरांनी तर याच्याही आधीचा प्रकार पाहिला आहे. 1974 मध्ये केंद्राने एका कायद्याने 103 आजारी कापड गिरण्या ताब्यात घेतल्या, त्यांत आपली बन्सीलाल अबीरचंद गिरणी होती. वाचवायला आलं होतं राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ. पुढे 1990 च्या दशकात त्या महामंडळाच्याच बहुतेक उपकंपन्या आजारी म्हणून बीआयएफआरच्या दारात उभ्या राहिल्या. वैद्यच रोग्यांच्या रांगेत! मूळ योजनेत ‘हे जमलं नाही तर काय’ याचं उत्तर कुणी लिहून ठेवलं नव्हतं. इंग्लंडमध्ये कंपनी आणि घेणेकरी यांच्यात असा समझोता होतो, तेव्हा किती हप्ते चुकले की तो मोडला असं धरायचं, हे सहसा त्यातच लिहिलेलं असतं. देखरेख करणाऱ्या व्यक्तीलाच मग कंपनी गुंडाळण्याचा अर्ज न्यायालयात करता येतो.

आता आमच्या ट्रकवाल्या वाचकाकडे. अवसायनाचा आदेश झाला तर त्यांच्या हाती काय पडेल? समजायला सोपे आकडे घेऊ. कारखाना विकून 10 कोटी आले. प्रक्रियेचा खर्च 1 कोटी. तो सगळ्यांत आधी पूर्ण निघतो. उरले 9. पुढच्या पायरीवर दोघे शेजारी उभे असतात: आदेशाआधीच्या 24 महिन्यांची कामगारांची देणी, आणि आपलं तारण अवसायनाच्या पुंजीत सोडणारी बँक. कामगारांचे 3 कोटी आणि बँकेचे 27 धरू, म्हणजे एकूण 30. हातात 9 कोटी, तेव्हा दोघांनाही रुपयाला 30 पैसे. कामगारांना 90 लाख, बँकेला 8 कोटी 10 लाख. पैसे संपले. कामगार या व्याख्येत न बसणारे सुपरवायझर नि अधिकारी तिसऱ्या पायरीवर; त्यांचे 12 महिन्यांचे पगार धरले जातात, पण मिळणार शून्य. बिनतारणी कर्ज देणारे चौथ्या पायरीवर, सरकारी कर पाचव्या, आणि ट्रकभाडं सहाव्या. त्याखाली फक्त भागधारक.

भविष्य निर्वाह निधी मात्र या पायऱ्यांच्या बाहेर आहे. भविष्य निर्वाह, पेन्शन आणि ग्रॅच्युइटी निधीतले पैसे अवसायनाच्या पुंजीत धरतच नाहीत. ग्रॅच्युइटीसाठी कंपनीने वेगळा निधीच उभारला नसेल तर वाद होतो, आणि तो आपल्याकडे बऱ्याचदा उभारलेला नसतो. आणखी एक गोष्ट कामगारांनी पक्की लक्षात ठेवावी: अवसायनाचा आदेश हीच सेवामुक्तीची नोटीस मानली जाते. अवसायकाने धंदा चालू ठेवला तरच त्याला अपवाद.

म्हणून त्या गृहस्थांना माझा सल्ला असा. सरळ अवसायन मागणं म्हणजे कदाचित स्वतःच्याच पायावर धोंडा. आधी मंजूर योजनेची प्रत मिळवा आणि तुमच्या वाट्याला किती आलंय ते पाहा. तिथेच भोपळा असेल तर ही लढाई तुमची नाही. पण काही रक्कम असेल, तर ती बँकांच्या आधी द्यायची, असा नियम आहे. योजनेवर देखरेख समिती नेमली असेल तर तिला लेखी विचारा. उत्तर नाही आलं, तर योजनेची अंमलबजावणी करा, आणि ती होत नसेल तर कलम 33 खाली आदेश द्या, अशी दुहेरी मागणी वकिलाकडून घाला. विदर्भाचीही ही प्रकरणं मुंबईलाच चालतात, तेव्हा सेवाग्राम एक्स्प्रेसचं तिकीट एकट्याने काढू नका. चार-पाच घेणेकरी मिळून एक वकील धरा. योजनेचा जाणूनबुजून भंग करणाऱ्याला एक ते पाच वर्षं कैद होऊ शकते, हे कलम 74 त्या अर्जात उद्धृत केलेलं बरं असतं.

आणि हे सगळं लवकर करा. यंत्रं जागेवर आहेत, वीजजोडणी शाबूत आहे, तोवर सगळा कारखाना एकगठ्ठा विकला जाऊ शकतो. तांब्याच्या तारा चोरीला गेल्या आणि गॅस कटर आत शिरला की भंगाराचा भाव, आणि वर मांडलेल्या 10 कोटींचे 4 होतात.

अवसायन झालंच तर वर्तमानपत्रात जाहीर नोटीस येते, इंग्रजीत आणि मराठीत. दाव्यासाठी आदेशापासून 30 दिवस असतात. आधीच्या फेरीत नोंदवलेला दावा आता आपोआप धरतात, पण दरम्यान रक्कम वाढली असेल तर नव्याने भरा. फॉर्मची अक्षरं मात्र बदलतात: आधी कामगारांचा ‘डी’ होता तो आता ‘ई’, आणि माल वा सेवा पुरवणाऱ्यांचा ‘बी’ होता तो ‘सी’. जुनाच फॉर्म नव्या तारखेने पाठवणारे बरेच असतात.

सहकारी सूतगिरण्यांबद्दल विचारणाऱ्या दोघा-तिघांना थोडक्यात: तुमची गिरणी या न्यायाधिकरणात येत नाही. तिचा कायदा 1960 चा, तिचा अवसायक सहकार खातं नेमतं, आणि तो विषय दोन भागांचा ऐवज आहे. त्याआधी पुढच्या आठवड्यात कलम 29अ. आणखी एखादं असं पत्र आलं नाही, तर.