शरदाचे पाणी, पाषाणाची साक्ष

शरदाची छायाचित्रे म्हटली की थंड देशांतील लालपिवळी वनराई डोळ्यांपुढे येते. आमच्या हैदराबादेत आश्विनात वने रंग पालटीत नाहीत. येथे शरद उतरतो तो पाण्यावर. हवेतील धूळ पावसाने धुतलेली, तलाव भरलेले आणि माळावर तरवडाची पिवळी व कुर्डूची गुलाबी-पांढरी फुले! याच फुलांची बतुकम्मा रचून तेलंगणातील स्त्रिया ती दुर्गाष्टमीपर्यंत तलावांत विसर्जित करतात.

मुशीच्या १९०८ च्या महापुरानंतर बांधलेला आणि १९२० साली पुरा झालेला उस्मानसागर, अर्थात गंडीपेट, किंवा दुर्गम चेरुवू यांच्या काठच्या पायवाटेने सूर्योदयाच्या सुमारास जावे. त्या वेळी ऊन तिरपे पडते; वारा बहुधा निजलेला असतो, म्हणून प्रतिबिंब मोडत नाही. कॅमेरा पाण्यालगत खाली धरला की आकाश दुप्पट होते.

मात्र चौकटीत काठचा एखादा मोठा खडक अवश्य घ्यावा, ही आमची विनंती. येथील ग्रॅनाइटचे वय सुमारे अडीचशे कोटी वर्षे आहे. दर आश्विनात त्याच जागेवरून तेच चित्र टिपावे. पाणी पावसागणिक कमीअधिक होते. एकदा पडलेला भराव मात्र सहसा मागे जात नाही. हुसेनसागर असाच आक्रसला. घरच्या अल्बमातील अशी दहा चित्रे शेजारी ठेवली, तर तलावाचा खरा काठ कोठे होता, हे नातवंडांना कोणी सांगावे लागणार नाही.