रविवारचा पाव आणि टिटवीचीं अंडीं

मारुंजीस राहावयास आल्यापासून आमच्या घरास रविवारचे दोन छंद जडले आहेत. एक घरीं पाव भाजण्याचा, दुसरा सकाळीं टेकडीवर फिरावयास जाण्याचा. दोहोंचा संबंध काय, असें कोणी विचारील. पीठ फुगावयास जे तास लागतात, तेच आम्ही टेकडीवर घालवितों, इतकाच! हिंजवडीच्या शेजारामुळें या गांवीं उंच इमारती झाल्या खऱ्या. पण टेकडीच्या अंगास अद्याप थोडें रान आहे.

आपल्यासारख्या घरांत पावाचा प्रवेश सुखासुखीं झालेला नाहीं. शब्दच मुळीं पोर्तुगीजांचा. गोव्याचे पोदेर माडाच्या सुरेनें पीठ आंबवीत. तेव्हां पाव म्हणजे मद्य आणि परधर्म दोन्ही एकदम, अशी समजूत झाली तर नवल काय? १८४९ सालीं मुंबईंत निघालेल्या परमहंस सभेंत शिरणारास ख्रिस्ती माणसानें भाजलेला पाव खावा लागे. जातिभेद सोडल्याची ती खूण. सभा अर्थातच गुप्त होती; सभासदांच्या नांवांची वही चोरीस गेली आणि १८६० च्या सुमारास ती मोडली. पुढें १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनांत चहा-बिस्किटें पुढें आलीं, तेव्हां तर रानडे-टिळकांसारख्यांवरही ग्रामण्याचा प्रसंग ओढवला.

आमच्या काकूंनीं वयाच्या ब्याऐंशी वर्षांत पावास हात लाविला नव्हता. ‘तुम्ही खुशाल खा, मला आग्रह करूं नका,’ एवढेंच त्या म्हणत. आणि रविवारीं स्वयंपाकघरांत पाऊल घालीत नसत. हें आम्हां सर्वांस लागून राही.

कृति अवघड नाहीं. कणीक व पाणी कालवून, त्यांतला कांहीं भाग रोज काढून ताजी भर घालीत गेलें, म्हणजे आठ-दहा दिवसांत आंबवण तयार होतें. यीस्ट आणि दहीं विरजणाऱ्या जंतूंचे भाऊबंद त्यांत नांदतात. कणीक ३०० ग्रॅम, मैदा २००, आंबवण १००, मीठ १० आणि पाणी सुमारें ३५० ग्रॅम, एवढें सकाळीं मळावें. गिरणीच्या कणकेस पाणी कांहींसें अधिक लागतें. खपली गहूं मात्र या कामीं घेऊं नये. खिरीस तो उत्तम, पण त्याच्या पिठास ताण कमी. मळलेलें पीठ थंडींत सहा तास घेतें, पावसाळ्यांत चार, आणि वैशाखांत तीनांतच उतूं जातें.

गेल्या वैशाखांत हाच हिशेब चुकला. बहावा फुललेला, म्हणून आम्ही रेंगाळलों. पायथ्याशीं बांधकामासाठीं सपाट केलेल्या, चुन्याच्या रेघा ओढलेल्या जागेंत एक टिटवी डोक्यावरून ओरडत घिरट्या घालूं लागली. पाहतों तों खड्यांमध्यें खड्यांसारखींच चार अंडीं! ऊन चढलें, तशी ती कोठूनशी पोट भिजवून आली आणि अंड्यांवर बसली. पिसांच्या ओलाव्यानें अंडीं निवतात. तेथल्या राखणदारानें भोंवतीं चार दगड मांडले होते. ‘काम सुरू झालं की सांगतो सायबांना, महिनाभर एवढा कोपरा सोडा म्हणून,’ तो म्हणाला. अंडीं उबावयास चार आठवडे लागतात, हें त्यास कोणी शिकविलें नव्हतें.

घरीं येईपर्यंत दहा वाजून गेले. पीठ वायां गेलें या धास्तीनें आंत धांवलों, तों काकू ओट्याशीं उभ्या! फुगून पातेल्याच्या कांठाशीं आलेलें पीठ त्यांनीं हलक्या हातानें बसवून ओल्या फडक्याखालीं झांकलें होतें.

‘अगं, हा तर आंबोळीच्या पिठाचा वास,’ त्या सूनबाईस म्हणाल्या. ‘एवढंच होतं तर आधीं नाहीं का सांगायचंस?’

आम्हीं इतक्या दिवसांत परमहंस सभेपासून सर्व कांहीं त्यांस सांगितलें होतें. आंबोळीचें तेवढें कोणास सुचलें नव्हतें.

झांकणाच्या लोखंडी भांड्यांत २३० अंशांवर पाऊण तास भाजलेला तो पाव थोडा चपटाच झाला. काकूंनीं लोणी लावून त्याची कड खाल्ली आणि मीठ कमी असल्याचें सांगितलें.

पुढच्या रविवारीं अर्धा पाव राखणदारास नेऊन दिला. त्यानें ओंजळभर करवंदें दिलीं. अंडीं चारच्या चार होतीं. चुन्याची एक रेघ मात्र दगडांच्या आंतूनच गेली आहे, हें तेव्हां आमच्या ध्यानांत आलें. आम्ही परतलों कीं काकू पावाच्या आधीं टिटवीचें विचारतात.