भीती अडाणीपणाची नव्हती



कोरोनाकाळातल्या कामाचा विषय निघाला की मंडळीत मला हमखास एक प्रश्न विचारतात, "सिस्टर, आदिवासी लोक लस घ्यायला इतके का घाबरत होते? शिक्षण नाही म्हणूनच ना?" त्याचं उत्तर आज सविस्तर देते.

जव्हार-मोखाडा भागातल्या पाड्यांवर मी परिचारिका म्हणून फिरते. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये आमची गाडी दिसली की माणसं रानात निघून जात. एक वारली आजी तेवढी घरात थांबली होती. मी तिला रागावून म्हणाले, "लस घेतली नाहीस तर मरशील." ती शांतपणे म्हणाली, "बाय, सुई टोचून ताप आला तर दोन दिवसांची मजुरी कोण देणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग मी ऐकायला लागले, आणि भीतीमागची कारणं दिसू लागली. दुसरी लाट जोरात होती. लशीचं संरक्षण तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. त्या मधल्या दिवसांत कुणाला लागण होऊन तो दगावला, की दोष लशीवर यायचा. दवाखान्यात नेलेल्या माणसाला घरचे भेटू शकत नव्हते. मृतदेहही नेहमीच्या रीतीने ताब्यात मिळत नव्हता. "दवाखान्यात गेला तो गेला" हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. १ मेपासून अठरा वर्षांवरच्यांना लस खुली झाली, पण तरुणांसाठी सुरुवातीला कोविनवर आधी नोंदणी करावी लागे. पाड्यावर मोबाइलला रेंज नाही. शहरातली माणसं मात्र नोंदणी करून, गाड्या करून ग्रामीण केंद्रांवर येत होती. हे पाहून 'लस आपल्यासाठी नाहीच' असं कुणाला वाटलं, तर त्यात नवल काय?

ही भीती नवी नाही. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या वेळी घरांच्या झडत्या घेतल्या, माणसं सक्तीने हलवली. तेव्हा शिकल्यासवरल्या शहरातही इस्पितळाची दहशत बसली होती. प्लेगच्या इस्पितळात स्त्रियांचे काय हाल होतात, याबद्दल पंडिता रमाबाईंनी त्या वेळी उघडपणे लिहिलं होतं. त्याच वर्षीचा साथरोग कायदा महाराष्ट्राने मार्च २०२० मध्ये पुन्हा लागू केला. कायदा लागू करता येतो, विश्वास मात्र लागू करता येत नाही.

आणि आपण तरी वेगळे होतो का? लस म्हणजे प्रकटीकरणातली श्वापदाची खूण, असे संदेश आपल्याच मंडळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरत होते. पुढे पाठवणारे पदवीधर होते. त्यातले काही मलाही आले. मी ते पुसून टाकले, पण पाठवणाऱ्याला फोन करून समजावलं नाही. ती माझी चूक.

आजीच्या पाड्यावर आम्ही पुन्हा गेलो ते लस न घेता. आशाताईंनी वारली बोलीत सरळ सांगितलं, "ताप येईल, अंग दुखेल, एक-दोन दिवसांत उतरेल. गोळ्या देऊ. दुसऱ्या दिवशी बघायला येऊ." आपल्या देणग्यांतून तापाच्या गोळ्या आणि लस घेणाऱ्या घरांसाठी थोडा शिधा देता आला. पहिल्या दिवशी सहाच जण आले. दुसऱ्या दिवशी आम्ही खरंच गेलो. सहाही जण बरे होते, हे पाड्याने पाहिलं. पुढच्या खेपेला आजी स्वतः सुनेला घेऊन रांगेत उभी राहिली.

लोकांचं मत बदललं ते माझ्या बोलण्याने नव्हे, दिलेला शब्द पाळल्याने. म्हणूनच साथ नसतानाही आमची गाडी पाड्यांवर जात असते. पुढची साथ येईल तेव्हा ओळख करून घ्यायला वेळ मिळणार नाही. तोवर आपण एवढं करावं: भीती पसरवणारा संदेश आला तर पुढे पाठवू नये, आणि ज्याने पाठवला त्याच्याशी प्रेमाने बोलावं.