सांगितल्यापेक्षा जास्त काम

नोकरीसाठी माणूस मुलाखतीला जातो. नांदेडच्या मोंढ्यात जातो, लातूरच्या डाळ मिलमध्ये जातो, नाहीतर एखाद्या दवाखान्यात जातो. साहेब नाव विचारतात, गाव विचारतात. मग एक अवघड प्रश्न येतो.

“नेमून दिलेल्या कामापेक्षा जास्त असं तुम्ही काय केलंत?”

पुष्कळ लोक इथंच अडतात. कोणी म्हणतो, “मी फार कष्टाळू आहे.” कोणी म्हणतो, “सांगाल ते करतो.” पण असं तर सगळेच म्हणतात. त्यावरून साहेबांना काय कळणार?

साहेबांना एवढंच बघायचं असतं, की या माणसाचं कामावर लक्ष असतं का? नुकसान होताना दिसलं तर हा पुढं होईल, का माझं काम नाही म्हणून बसून राहील?

उत्तर कसं द्यावं? त्यात चार गोष्टी याव्यात. आपलं काम काय होतं? अडचण काय आली? आपण काय केलं? त्यातून काय झालं?

आपल्या भागातलंच उदाहरण पाहा. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं. लातूर शहराला प्यायला पाणी उरलं नाही. रेल्वेचं नेहमीचं काम म्हणजे माणसं आणि माल नेणं. पण रेल्वेनं मिरजेहून पाणी आणायचं ठरवलं. राजस्थानात कोट्याच्या कारखान्यात टाकीचे डबे वाफेनं स्वच्छ केले. ११ एप्रिलला १० डब्यांची गाडी मिरजेहून निघाली. एकेका डब्यात सुमारे ५० हजार लिटर पाणी होतं. दुसऱ्या दिवशी गाडी लातूरला पोचली. लोक तिला ‘जलदूत’ म्हणू लागले.

बघा, यात चारही गोष्टी आल्या. नेहमीचं काम आलं, अडचण आली, केलेलं काम आलं, फळ आलं. शिवाय दिवस आणि आकडा आला. म्हणून ऐकणाऱ्याला ते पटतं.

तुम्ही म्हणाल, “ती रेल्वेची गोष्ट. आम्ही कुठं एवढं मोठं केलं?” मोठं लागत नाही. समजा, एक बाई मुलाखतीला गेली आहे. ती असं सांगू शकेल :

“साहेब, मी डाळ निवडायला होते. पावसाळ्यात पत्रा गळायचा. खालची पोती भिजायची. पोती सांभाळणं माझ्याकडं नव्हतं. तरी मी मुकादमाला जागा दाखवली. त्यांनी खाली फळ्या टाकल्या. रोज घरी जाताना मी एक नजर टाकून जायची. पुढं त्या पावसाळ्यात एकही पोतं भिजलं नाही.”

बस. एवढं पुरे. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

पगाराची नोकरी केलीच नसेल, तरी हरकत नाही. सालगडी म्हणून राबलात, रोजगार हमीच्या कामावर गेलात, बचत गटाचा हिशेब ठेवलात, तेही कामच आहे. त्यातलं सांगा.

काही गोष्टी सांभाळा. खोटं सांगू नका. साहेब एक-दोन प्रश्न जास्त विचारतात आणि खोटं उघडं पडतं. चौघांनी मिळून केलेलं काम एकट्याचं म्हणू नका. “आम्ही चौघं होतो, त्यात माझ्याकडं हे होतं,” असं म्हणा. आधीच्या मालकाची निंदा करू नका. आणि भाषेला लाजू नका. तोंडातून “करूलालो” आलं म्हणून काही बिघडत नाही. सांगणं स्पष्ट पाहिजे.

आता एक महत्त्वाची गोष्ट. जास्त काम म्हणजे फुकट काम नव्हे. लक्ष घालणं वेगळं आणि मजुरीवाचून राबणं वेगळं. पूर्वी गावोगाव वेठबिगार चालायची. १९५० साली देशाची घटना लागू झाली. तिनं वेठबिगारीला बंदी केली. कारखान्यात ठरलेल्या तासांच्या वर कामगाराला राबवलं, तर त्या तासांची मजुरी दुप्पट दरानं द्यावी, असा कायदा आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यात तसं लिहिलं होतं. आजच्या कायद्यातही ते आहे.

म्हणून मुलाखत संपताना आपणही विचारावं. “साहेब, कामाचे तास किती? जादा तासांचे पैसे कसे मिळतील?” हे नम्रपणे विचारलं तर त्यात उद्धटपणा नाही. जो कामाला चोख असतो, त्यानं हिशेबालाही चोख असावं.

आता तुम्हाला लिहिता येतं. आज रात्री वही घ्या. आपण केलेलं एक काम आठवा आणि चार ओळी लिहा. पहिली ओळ कामाची, दुसरी अडचणीची, तिसरी आपण काय केलं त्याची, चौथी फळाची. मग घरच्यांना मोठ्यानं वाचून दाखवा. त्यांना समजलं, तर साहेबांनाही समजेल.