उपदेश भरपूर, सराव कुठे?

सोलापूरच्या पूर्व भागातलं, नाहीतर कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीतलं कुठलंही घर घ्या. संध्याकाळ झालीय. आईच्या मांडीवर सूप, सुपात कापलेली तेंदूची पानं आणि तंबाखू. हजाराचा हिशेब पुरा व्हायला अजून दीडशे विड्या हव्यात. पाच वर्षांचा पोरगा मोबाइल मागतो. आई नाही म्हणते. तो ओरडून मागतो, ती ओरडून नाही म्हणते. तो सुपाला लाथ मारतो, पाठीत धपाटा खातो, जमिनीवर लोळण घेतो. शेवटी आई मोबाइल त्याच्या पुढ्यात टाकते आणि घर गप्प होतं. विड्या पुन्हा वळायला लागतात.

या दोन-तीन मिनिटांवर जेराल्ड पॅटरसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं आयुष्य घालवलं. ओरेगन राज्यातल्या युजीन गावात त्याच्या सहकाऱ्यांनी लोकांच्या घरात बसून, कोण काय बोललं, कोणी काय केलं, याच्या काही सेकंदांगणिक नोंदी घेतल्या. १९८२ साली त्यानं या सगळ्याचा ग्रंथ केला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. त्रास ज्या कृतीनं थांबतो, ती कृती माणूस पुन्हा करतो. पोराला कळलं की लोळण घेतली की मोबाइल मिळतो. आईलाही कळलं की मोबाइल दिला की रडं थांबतं. दोघांनाही बक्षीस मिळालं, आणि दोघंही उद्या तेच करणार, फक्त आवाज थोडा चढलेला असेल. यात वाईट कोणीच नाही. दीडशे विड्यांची मजुरी डोळ्यांसमोर असताना त्या बाईनं केलेला सौदा शहाणपणाचाच होता.

तिला उपाय कोणी सांगत नाही असं नाही. सासू सांगते, मास्तर सांगतात, व्हॉट्सअ‍ॅपवर रोज सकाळी सुविचार येतात. त्यातलं कामाला काय येतं, हे मात्र मोजून पाहिलेलं आहे. जेनिफर कमिन्स्की आणि सहकाऱ्यांनी २००८ साली लहान मुलांच्या पालकांसाठी चालवलेल्या प्रशिक्षणांचे ७७ अभ्यास एकत्र तपासले. जिथं पालक मुलांशी खेळायला-बोलायला शिकले, जिथं शब्दाला जागायला शिकले, तिथं फरक मोठा पडला. आणि एक गोष्ट ठळक दिसली: जिथं पालकांनी शिकवणाऱ्यासमोर, स्वतःच्या मुलाबरोबर ती गोष्ट करून पाहिली, तिथंही परिणाम जास्त होता. सोलापूरकराला हे नवं वाटू नये. विडी वळायला कोणी भाषण ऐकून शिकत नाही. आईच्या शेजारी बसून, चार विड्या बिघडवून शिकतात.

करून पाहायचं म्हणजे काय, याचं जवळचं उदाहरण गोव्यात आहे. तिथल्या ‘संगाथ’ या संस्थेनं स्वमग्न मुलांच्या पालकांसाठी एक पद्धत गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत वापरून पाहिली. एकूण ६५ मुलं, सहा महिन्यांत बारा बैठका. शिकवणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण घेतलेले साधे कार्यकर्ते होते. पालक मुलाशी खेळतात, त्याचं चित्रण होतं, मग कार्यकर्ता आणि पालक शेजारी बसून ते पाहतात. कार्यकर्ता चुका काढत नाही. तो चित्र थांबवतो आणि म्हणतो, इथं तो चेंडूकडे बघत होता आणि तुम्हीही चेंडूकडे बघितलंत, मग पाहा तो तुमच्याकडे कसा वळला. २०१६ साली हे निष्कर्ष छापून आले. मुलाच्या कलानं प्रतिसाद देण्याची पालकांची हातोटी स्पष्टपणे सुधारली होती, आणि मुलंही आपणहून आईवडिलांशी जास्त संवाद साधू लागली होती.

जमैकाची गोष्ट याहून जुनी. १९८०च्या दशकात सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतली खुरटलेली १२९ बालकं निवडली. काहींना पूरक आहार दिला, काहींच्या घरी दोन वर्षं दर आठवड्याला एक आरोग्यसेविका तासभर जाऊन आईला मुलाशी खेळायला शिकवायची. खेळणी टाकाऊ वस्तूंची. वीस वर्षांनी पाहिलं तेव्हा आहाराचा परिणाम विरून गेला होता, पण खेळलेल्या मुलांची कमाई इतर खुरटलेल्या मुलांपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त होती.

आपल्याकडे त्या सेविकेची जागा रिकामी नाही, तिथं अंगणवाडी सेविका आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला मुलांच्या दारात बालवाडी नेली, त्याला आता पाऊणशे वर्षं होऊन गेली. अलीकडे सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या आणि युनिसेफच्या मदतीनं राज्यात ‘आरंभ’चे पालक मेळावे होतात, बाटल्यांची बुचं, चिंध्या, भांडी यांतून तीन वर्षांखालच्या मुलांशी कसं खेळायचं ते आयांना करून दाखवलं जातं. ही दिशा बरोबर आहे. गाडी अडते ती मूल शाळेत गेल्यावर. शाळेची पालकसभा म्हणजे गुण, फी आणि तक्रार. बाप येत नाही, आई मजुरी बुडवून येते आणि मान खाली घालून परत जाते. त्यात सोलापूर बहुभाषिक. घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू आणि शाळा मराठी असली की काही वेळा बाईंची तक्रार आईला समजावून सांगायची जबाबदारी आरोपीवरच येते. तो ती किती निष्ठेनं पार पाडत असेल, याची कल्पना करा.

पोरगं तेरा-चौदाचं झालं की सल्ला आणखी तुटपुंजा पडतो, कारण आता मेंदूच बांधकामाखाली असतो. जे गीड यांच्या गटानं १९९९ साली, तीच ती मुलं वर्षानुवर्षं एमआरआयखाली पाहून दाखवलं की कपाळामागच्या भागातलं करडं द्रव्य मुलींत अकराच्या आणि मुलांत बाराच्या आसपास शिगेला पोचतं, आणि मग छाटणी सुरू होते. हा भाग पक्का व्हायला पंचविशी उजाडते. आनंद आणि बक्षिसाची ओढ मात्र वयात येतानाच जोर धरते. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली मुलांना संगणकावर गाडी चालवायला लावली. एकटी असताना पोरं बऱ्यापैकी सांभाळून चालवत. शेजारी मित्र येऊन बसले की तेरा ते सोळा वयाच्या मुलांचा धोका पत्करण्याचा कल जवळपास दुप्पट झाला. चोविशीपुढच्यांवर मित्रांचा काहीच परिणाम नाही. सात रस्त्यावरून ट्रिपल सीट जाणाऱ्या पोरांना नियम माहीत नसतो असं नाही. त्या क्षणी मागे दोन मित्र बसलेले असतात.

झोपेचंही तसंच. वयात येताना मेलाटोनिन रात्री उशिरा पाझरायला लागतं, हे मेरी कार्स्काडन यांनी दाखवून दिलं. दहावीचा पोरगा अकराला टक्क जागा असतो तो निव्वळ मोबाइलमुळे नाही. मोबाइल त्यात भर घालतो. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. सोलापूरच्या मार्च-एप्रिलच्या उकाड्यात बारापर्यंत डोळा लागत नाही आणि सकाळी सातला शाळा असते. २०२४च्या फेब्रुवारीत राज्य सरकारनं चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत असं सांगितलं. चिमुकल्यांना दिलासा मिळाला, चांगलंच झालं. पण विज्ञान ज्यांच्यासाठी उशिरा शाळा मागतं ते आठवी ते दहावीचे विद्यार्थी त्यात नाहीत. कॅलिफोर्नियानं २०२२ पासून हायस्कूल साडेआठच्या आधी भरवायला कायद्यानं बंदी केली आहे.

आता मुलाचा फोन चोरून बघणाऱ्या बापांसाठी. स्वीडनमध्ये हाकन स्टॅटिन आणि मार्गारेट केर यांनी चौदा वर्षांच्या ७०३ मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध केला. पालकांना मुलांबद्दल जे ठाऊक होतं ते प्रामुख्यानं पाळत ठेवून किंवा खोदून विचारून कळलेलं नव्हतं, मुलांनी आपणहून सांगितलेलं होतं. सांगितल्यावर तोंडसुख घेतलं जाणार असेल तर कोण सांगेल? पोरगं पहिलं वाक्य बोललं की पुढची दोन मिनिटं गप्प बसणं, हा घरचा सर्वांत अवघड सराव आहे.

लहानांच्या घरी सराव वेगळा. मोबाइल द्यायचाच असेल तर पहिल्या मागणीला द्या. नाही म्हटलंत तर रडं वाढल्यावर देऊ नका. सुरुवातीचे काही दिवस रडं आधीपेक्षा जास्त होईल, ते अपेक्षितच आहे. आणि दिवसातून दहा मिनिटं मूल म्हणेल तो खेळ, शिकवणी न घेता. हजार विड्यांना आठ-दहा तास लागतात, म्हणजे दहा मिनिटांची किंमत साधारण वीस विड्या. हे मी हलकं म्हणून सांगत नाही. ज्या घरात वीस विड्याही मोजाव्या लागतात, तिथं पालकत्वाचा प्रश्न पैशाचाही असतो.

दक्षिण आफ्रिकेत लुसी क्लुव्हर आणि सहकाऱ्यांनी हे ओळखलं. ईस्टर्न केप प्रांतातल्या ४० वस्त्यांतली किशोरवयीन मुलांची ५५२ कुटुंबं, चौदा बैठका, स्थानिक कार्यकर्ते. कौतुक कसं करावं, राग कसा आवरावा याबरोबर घरखर्च आणि बचत हेही शिकवलं. मारहाण आणि शिवीगाळ कमी झाली. सोलापुरात यासाठी नवी संस्था काढायची गरज नाही, बचत गट गल्लोगल्ली आहेत. महिन्याच्या बैठकीत हप्ते मोजून झाल्यावर अर्धा तास, त्याच बायका, त्यांच्याच भाषेत, शक्य तर मुलांना घेऊन. गोदूताई वसाहतीत दहा हजार घरं आहेत. पहिला प्रयोग तिथंच व्हावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

मात्र मूल आठवडेच्या आठवडे गप्प असेल, खाणं-झोप बिघडली असेल, शाळा टाळत असेल, मरणाची भाषा बोलत असेल, तर गटाची वाट बघू नका. सिव्हिल हॉस्पिटल गाठा. १० ते १९ वयोगटासाठी सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री’ क्लिनिक चालतात, तिथं मुलाला एकट्यानंही बोलता येतं. मूल संकटात असेल तर १०९८. आणि १४४१६ हा ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक फ्रीजवर किंवा देवघराच्या भिंतीवर लिहून ठेवा. तो रात्रंदिवस चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं, आणि मुलापायी थकलेल्या आईबापांनी स्वतःसाठी केला तरी चालतो.