मोबाईलमधून पुसलेली फाईल : ती जाते कोठे आणि परत मिळते कशी?

मोबाईल हे आता केवळ बोलण्याचे साधन राहिलेले नाही. कोरची, भामरागड, सिरोंचापासून मूल, सिंदेवाही, गोंडपिपरीपर्यंत तो घराघरांत पोहोचला आहे आणि घरातील कागदपत्रांची पेटीही हळूहळू त्याच्या पोटात गेली आहे. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, गुणपत्रिका, उत्पन्नाचा दाखला यांचे फोटो विद्यार्थी मोबाईलमध्येच ठेवतात आणि महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना तेथूनच काढतात. वनहक्काचा दावा करणारा शेतकरी आपल्या जबरानजोतीच्या बांध्यांचे, विहिरीचे, जुन्या पावत्यांचे फोटो त्यातच ठेवतो. दिनांक १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपूर येथे परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडून ज्यांनी धम्मदीक्षा घेतली, त्या पिढीच्या आठवणीही अनेक घरांत आता नातवंडांच्या मोबाईलमध्येच ध्वनिमुद्रित झालेल्या असतात.

गुणपत्रिकेची दुय्यम प्रत मंडळाकडून मिळू शकते. आजोबांच्या आवाजाची दुय्यम प्रत कोणतेही कार्यालय देत नाही. म्हणून बोट चुकून पडले आणि फाईल पुसली गेली, तर नेमके काय होते आणि त्या वेळी काय करावे, काय करू नये, हे प्रत्येक सभासदाने व विद्यार्थ्याने समजून घेणे अगत्याचे आहे.

पुसणे म्हणजे काय?

तलाठ्याच्या दप्तरातील सातबारा आपल्या सर्वांना माहीत आहे. सातबाऱ्यावरून एखाद्याचे नाव कमी केले म्हणून जमीन उचलून कोणी नेत नाही. जमीन आहे तेथेच राहते, बांध राहतात, मागच्या हंगामातील धानाची खुंटेही राहतात. फक्त ‘ही जमीन अमक्याची’ ही नोंद जाते. पुढे दुसऱ्याच्या नावे नोंद झाली आणि त्याने नांगर घातला, म्हणजे मात्र जुन्या पिकाची खूण उरत नाही.

मोबाईलमध्येही दोन गोष्टी असतात. एक, प्रत्यक्ष माहिती आणि दुसरी, ती माहिती कोठे ठेवली आहे याची नोंदवही. आपण ‘डिलीट’ म्हटले की यंत्र प्रथम नोंदवहीत फेरफार करते आणि ती जागा मोकळी झाली असे समजते. मूळ माहिती काही काळ तेथेच पडून असते. मेमरी कार्डवर ज्या जुन्या पद्धतीची नोंदवही असते, तिच्यात तर फाईलच्या नावाचे पहिले अक्षर बदलून ‘ही फाईल पुसली’ अशी खूण तेवढी केली जाते. पुसलेल्या फाईली परत मिळविण्याची सारी विद्या या एका गोष्टीवर उभी आहे.

चिपचा स्वभाव

परंतु मोबाईलमधील मेमरी जुन्या संगणकाच्या तबकडीपेक्षा वेगळी आहे. तिला ‘फ्लॅश मेमरी’ म्हणतात. जपानमधील तोशिबा कंपनीचे अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात तिचा शोध लावला. या मेमरीत लिहिलेल्या जागेवर तसेच पुन्हा लिहिता येत नाही. आधी ती जागा साफ करावी लागते. शिवाय लिहिणे लहान लहान तुकड्यांत होते, पण साफ करणे मात्र मोठ्या गठ्ठ्यानेच होते. पाटीवरची एक ओळ पुसता येऊ नये, पुसायची तर सारी पाटीच पुसावी लागावी, असा हा प्रकार आहे.

प्रत्येक गठ्ठा ठराविक वेळाच साफ करता येतो, नंतर तो झिजतो. म्हणून चिपच्या आतील नियंत्रक नवी माहिती पाळीपाळीने निरनिराळ्या जागी लिहितो आणि मोकळ्या झालेल्या जागा सवडीने साफ करून ठेवतो. कोणती जागा मोकळी झाली हे फोन चिपला कळवीत असतो. अँड्रॉइड फोनमध्ये ही सोय २०१३ पासून आली. फोन चार्जिंगला लावून स्वस्थ ठेवला असता, म्हणजे बहुधा रात्री, हे काम चालते. त्यामुळे संध्याकाळी पुसलेली फाईल सकाळपर्यंत मुळातूनच नाहीशी झालेली असणे शक्य आहे.

कुलूप आणि किल्ली

याहून मोठा बदल आणखी एक आहे. अँड्रॉइड १० ही आवृत्ती २०१९ मध्ये आली. ती किंवा तिच्यानंतरची आवृत्ती घेऊन बाजारात येणाऱ्या प्रत्येक फोनमध्ये फाईली सांकेतिक रूपात, म्हणजे कुलूपबंद करून ठेवणे बंधनकारक झाले. त्याआधीच्याही अनेक फोनमध्ये व आयफोनमध्ये ही व्यवस्था होतीच. येथे प्रत्येक फाईलची किल्ली निराळी असते. फाईल पुसली की ती किल्ली घडविण्यास लागणारी नोंदही जाते. मग चिपवर काही अवशेष सापडले तरी ते अर्थहीन आकडेच ठरतात.

याचा व्यवहारातील अर्थ स्पष्ट आहे. आजच्या फोनच्या आतील मेमरीतून पूर्णपणे पुसली गेलेली फाईल खोदून काढणे सामान्य दुकानदारालाच काय, मोठ्या प्रयोगशाळेलाही बहुधा शक्य होत नाही. संपूर्ण फोन ‘फॅक्टरी रीसेट’ केल्यावरही तसेच. मात्र निराश होण्याचे कारण नाही, कारण ‘पुसली’ असे आपण म्हणतो त्यातील बरीचशी प्रकरणे पूर्ण पुसण्याची नसतातच.

पुसली गेल्याबरोबर काय करावे?

१) प्रथम थांबावे. नवे फोटो काढू नयेत, व्हिडिओ उतरवून घेऊ नयेत, नवे अॅप टाकू नये. फोन ‘एअरप्लेन मोड’वर ठेवावा, म्हणजे येणारे निरोप व आपोआप होणारे बदल थांबतात. ‘क्लीनर’ नावाची अॅप तर मुळीच चालवू नयेत.

२) कचरापेटी पाहावी. गुगल फोटोजमध्ये ‘ट्रॅश’ किंवा ‘बिन’ असते. ज्या फोटोची प्रत गुगल खात्यावर गेली आहे तो तेथे ६० दिवस राहतो. जो गेलेला नाही तो नव्या अँड्रॉइड फोनवर ३० दिवस राहतो. फोनच्या स्वतःच्या गॅलरीची पेटी वेगळी, ‘फाईल्स’ अॅपची वेगळी आणि गुगल ड्राईव्हची वेगळी असते. ड्राईव्हमध्ये मुदत ३० दिवसांची आहे. आयफोनमध्येही ‘रिसेंटली डिलीटेड’ या कप्प्यात फोटो ३० दिवस असतो. या सर्व पेट्या एकेक करून तपासाव्यात आणि ‘रिस्टोअर’ दाबावे.

३) खात्यावरील प्रत पाहावी. एअरप्लेन मोड काढण्याऐवजी दुसऱ्या फोनवर किंवा संगणकावर आपले खाते उघडून पाहणे बरे.

४) कोणाकोणाला पाठविली होती ते आठवावे. व्हॉट्सअॅपवर पाठविलेला दाखल्याचा फोटो भावाकडे, शिक्षकांकडे, सेतू केंद्रचालकाकडे असू शकतो. आपल्या फोनमध्येही व्हॉट्सअॅपच्या ‘इमेजेस’ फोल्डरमध्ये ‘सेंट’ नावाचा कप्पा असतो. गॅलरीतून गेलेला फोटो तेथे सापडण्याचा संभव असतो. संभाषणच पुसले गेले असेल, तर अँड्रॉइड फोनमध्ये व्हॉट्सअॅप रोज पहाटे दोनच्या सुमारास एक प्रत करते व मागील सुमारे सात दिवसांच्या प्रती ठेवते. त्या प्रतीत मजकूर असतो, फोटो नसतात. आणि ती परत घेताना मधल्या काळातील निरोप जातात, हे लक्षात ठेवावे.

५) फाईल मेमरी कार्डवर असेल तर आशा अधिक. कार्ड ताबडतोब काढून घ्यावे व कार्ड रीडरने संगणकाला जोडावे. फोटोरेक नावाची विनामूल्य संगणक प्रणाली आहे. ती नोंदवहीकडे न पाहता सरळ जमीन तपासते. प्रत्येक जेपीईजी फोटोच्या आरंभी ठराविक खूण असते. ती खूण शोधून फोटो वेगळा काढते. फाईलींची जुनी नावे मिळत नाहीत, लांब व्हिडिओ तुकड्यांत विखुरलेला असल्यास तो अर्धवट येतो, पण फोटो पुष्कळदा अखंड मिळतात. मिळालेल्या फाईली त्याच कार्डवर साठवू नयेत, नाही तर उरलेल्या फाईलींवर आपणच नांगर फिरवू. कार्ड फोनच्या अंतर्गत मेमरीचा भाग म्हणून जोडलेले असेल, तर मात्र तेही त्या फोनपुरते कुलूपबंद असते.

फोन पाण्यात पडला किंवा काच फुटली, तर ती बाब निराळी आहे. तेथे फाईल पुसली गेलेली नसते. फोन चालू झाला की माहिती मिळते, म्हणून ‘रीसेट करून देतो’ असे म्हणणाऱ्यास स्पष्ट नकार द्यावा.

वनहक्काचा दावा आणि कोर्टातील पुरावा

आपल्या दोन जिल्ह्यांसाठी या विषयाला विशेष महत्त्व आहे. वनहक्क मान्यता अधिनियम, २००६ नुसार अनुसूचित जमातीच्या दावेदाराने १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावयाचा असतो. परंतु जे अनुसूचित जमातीत नाहीत, आणि आपल्या समाजातील बहुतेक जबरानजोतधारक यात येतात, त्यांना ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून त्या तारखेपूर्वीचा तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. यासाठी जुने सरकारी कागद, तसेच बांध, विहीर, घर, स्मशानभूमी यांसारख्या जमिनीवरील खुणा आणि गावातील वृद्धांचे लेखी निवेदन ग्राह्य धरण्याची तरतूद नियमांत आहे. हे जुने जीर्ण कागद कोणाच्या तरी पेटीतून एकदाच बाहेर निघतात, मोबाईलवर टिपले जातात आणि पुन्हा कोठे जातात ते कळत नाही. तो एक फोटो गेला, तर एका कुटुंबाचा तीन पिढ्यांचा इतिहास गेला.

अत्याचाराच्या किंवा अन्य गुन्ह्याच्या प्रसंगाचे चित्रीकरण असेल, तर आणखी काळजी हवी. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास किसनराव गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी निर्णय दिला. चित्रीकरणाची प्रत कोर्टात द्यावयाची तर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र आवश्यक आहे. मात्र ज्या फोनवर मूळ चित्रीकरण झाले तो फोन त्याच्या मालकाने स्वतः साक्षीस उभे राहून हजर केला तर त्याची गरज नाही, असे त्यात म्हटले आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू झाला असून त्याच्या कलम ६३ मध्ये प्रमाणपत्राची तरतूद आहे. तात्पर्य, असा फोन विकू नये, रीसेट करू नये, त्यात स्वतः खटपट करू नये; वकिलाचा सल्ला घ्यावा.

फसवणुकीपासून सावध

‘दहा वर्षांपूर्वीचे फोटोही परत आणा’ अशा जाहिरातींची अॅप पुष्कळ आहेत. ती बहुधा फोनमध्ये आधीच असलेल्या लहान आकाराच्या प्रतिमा दाखवून पैसे मागतात आणि आपले सारे फोटो पाहण्याची परवानगी घेऊन बसतात. दूरध्वनीवरून कोणी ‘स्क्रीन दाखवा, ओटीपी सांगा, फाईल काढून देतो’ म्हणाला तर फोन बंद करावा. पैसे गेल्यास त्वरित १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जुना फोन विकताना मेमरी कार्ड काढून घेऊन फोन रीसेट करावा. कार्डवरून पुसलेले घरातील मुली-स्त्रियांचे फोटो दुसऱ्यालाही परत मिळविता येतात, हे वर आपण पाहिलेच.

दुसरी प्रत हाच खरा उपाय

अनेकांचा समज असतो की, आपल्या फोटोंची प्रत गुगलवर आपोआप जाते. प्रत्यक्षात बहुतेक फोनमध्ये ती वाय-फाय असेल तेव्हाच जाईल अशी व्यवस्था आरंभी असते. आपल्या कित्येक गावांत घरी वाय-फाय नाही. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. अशा ठिकाणी वर्षानुवर्षे एकही फोटो खात्यावर गेलेला नसतो आणि धनी मात्र निश्चिंत असतो. म्हणून ‘बॅकअप पूर्ण’ असे स्वतः पाहावे. मोफत मिळणारी १५ जी.बी. जागा भरली की प्रत जाणे थांबते, हेही ध्यानात असावे. तसेच गुगल फोटोजमधून फोटो पुसला की खात्यावरील प्रतही पुसली जाते. ती वेगळी तिजोरी नव्हे.

महत्त्वाच्या प्रत्येक फाईलच्या तीन प्रती असाव्यात : एक फोनमध्ये, एक पेन ड्राईव्ह किंवा संगणकावर आणि एक दुसऱ्या गावी किंवा नेटवरील खात्यावर. पाठविताना व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून न पाठविता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा, म्हणजे अक्षरे धूसर होत नाहीत. डिजिलॉकर ही केंद्र सरकारची सोय २०१५ पासून आहे. तेथे संबंधित कार्यालयाने स्वतः दिलेला दाखला मूळ कागदाइतकाच ग्राह्य धरण्याची नियमांत तरतूद आहे. आपण स्वतः काढून चढविलेल्या फोटोला मात्र तो दर्जा नाही. आणि झेरॉक्सला कमी लेखू नये. तिला ना चार्जिंग लागते, ना नेटवर्क.

गावोगावच्या विहारांनी, वाचनालयांनी एक हार्ड डिस्क ठेवून वृद्धांच्या आठवणी, जुने फोटो, वनहक्काचे कागद यांची प्रत संबंधितांच्या संमतीने जतन करावी. दरवर्षी १४ एप्रिल आणि १६ ऑक्टोबर या दोन दिवशी ती उघडून पाहावी, कारण वर्षानुवर्षे न वापरलेली पेन ड्राईव्ह वा डिस्कही दगा देते. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी हे काम अंगावर घ्यावे. त्यासाठी मोठा खर्च नाही, एका दुपारचा वेळ पुरेसा आहे. पुसलेले परत मिळविण्याच्या खटपटीपेक्षा ती एक दुपार केव्हाही स्वस्त पडेल.